गनमेटल म्हणून लोखंड: पाट्याच्या बुशांनी मला 27,940 रुपयांना बुडवलं

लिहायला लाज वाटतेय. 18 वर्षं स्वतःची 407 (टाटाचा छोटा ट्रक) चालवतोय, मांडव-साउंडचा धंदा आहे, गाडीची बारीकसारीक कामं घरीच करतो. आणि मलाच पुण्याच्या नाना पेठेतल्या एका दुकानानं पाट्यांचे, म्हणजे गाडीच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगांचे, पिवळा मुलामा दिलेले लोखंडी बुश (पिन ज्यात बसते त्या छोट्या नळ्या) गनमेटल, म्हणजे मऊ पिवळा मिश्रधातू, म्हणून विकले.

कात्रज-कोंढवा रस्त्यावर रोजची ये-जा. खड्ड्यात गेली की मागून खडाक. पहार घालून पाटा हलवला तर चारही बाजूंना भरपूर प्ले, म्हणजे ढिलाई. गॅरेजवाल्यानं मजुरी 6,500 सांगितली. म्हटलं, रविवारी घरीच उरकू. त्यात मी काही चूक केली असं मला आजही वाटत नाही.

एका पाट्याला तीन बुश: दोन डोळ्यांत (टोकांच्या गोल कड्यांत) दोन, शॅकलच्या, म्हणजे पाट्याचं एक टोक चॅसीला जोडणाऱ्या झुलत्या दुव्याच्या, वरच्या टोकाला एक. चार पाटे, म्हणजे 12 बुश आणि 12 पिना. काउंटरवरचा म्हणाला, "मालक, सॉलिड गनमेटल, कंपनीचा माल." बुश 280 ला एक, पिन 240 ला. एकूण 6,240. "बिल पाहिजे असेल तर 18 टक्के वर पडतील." मी नको म्हणालो. तुम्हीही नकोच म्हणता, उगाच हसू नका. क्यूआर स्कॅन केला तर नाव दुकानाचं नाही, कुणा भलत्याचंच. तेही वाचलं आणि पैसे पाठवले. डब्यावर ना एमआरपी, ना बनवणाऱ्याचा पत्ता. असा डबा दिसला की काउंटरवरूनच मागे फिरा.

आता त्या रविवारचं ऐका. दारात गाडी जॅकवर घेतली, चॅसी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) टेकवली. पिनांवर आदल्या रात्रीच डिझेल सोडलं होतं, तरी घण खाल्ल्याशिवाय एकही हलली नाही. भाचा मदतीला होता. फुटक्या स्पीकरचं मॅग्नेट आम्ही नट-बोल्ट ठेवायला वापरतो. त्यानं नवा बुश त्यावर ठेवला. उचलायला गेला तर बुश चिकटलेला, ओढल्यावर टक करून सुटला. "मामा, हे चिकटतंय."

बारावीतलं पोरगं! गनमेटल म्हणजे तांबं-कथील, ते मॅग्नेटला धरत नाही, हे मला काय माहीत नव्हतं? माहीत होतं. पण मी म्हणालो, "आतून-बाहेरून वेगळं असतं ते, तू पाना दे." काही बुश खरंच बाहेरून स्टीलचे आणि आतून पितळी असतात, म्हणून तोंडात आलं. पण मग 'सॉलिड' कशाला म्हणाला तो?

बुश ठोकल्यावर भोक जरा आवळतं, रीमर (भोक आतून खरवडून मापात आणायचं हत्यार) मारावा लागतो. गनमेटलचा कीस पिवळा पडतो. माझ्या तळहातावर पडला तो राखाडी होता. बघितला, पँटीला पुसला. दुसऱ्या दिवशी सकाळी आळंदीला मांडव पोचवायचा होता. मुकाट ग्रीस भरलं आणि चाकं लावली.

दीड महिन्यात खडाक परत. उघडलं तर मुलामा गायब, पिनांवर चर. बुश मऊ असतो तो स्वतः झिजावा आणि पिन वाचावी म्हणून. इथं लोखंडावर लोखंड, दोन्ही गेले. मागचे बुश तर सैल होऊन डोळ्यातच फिरत होते, दोन्ही मेन पाट्यांचे (ज्या मुख्य पट्टीला डोळे असतात तिचे) डोळे लांबट झालेले. नवे बुश 4,920, पिना 3,480, मेन पाटे 6,800, आणि मजुरी तेच 6,500, कारण आता घरी करायची हिंमत नव्हती. आधीचे धरून 27,940. बुडालेली भाडी वेगळी.

दुकानदार म्हणतो, "आमच्याकडचाच माल कशावरून?" चौकीत गेलो. "बिल?" नाही. "मग हे आमचं काम नाही, दिवाणी मॅटर आहे." दुसऱ्या दिवशी दुसरे साहेब, त्यांनी हद्दच वेगळी सांगितली. हद्द बदलून गेलो तर तिथले म्हणाले, पैसे ज्याच्या खात्यात गेले त्याची तक्रार करा, दुकानाची कशाला करता? डब्यावर एमआरपी नाही म्हणून एका सरकारी कार्यालयात गेलो, तिथं दीड तास बाकावर बसवलं आणि मग "अर्ज टाइप करून आणा". टाइप करून नेला तर साहेब रजेवर. तिसऱ्या खेपेला शिपाई म्हणाला, "सहा हजारांसाठी एवढं?" सहा नाही रे बाबा, सत्तावीस!

ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, मुदत दोन वर्षांची, पण दुकानातून घेतलं याचा कागद लागतो. माझ्याकडे यूपीआयची पावती आहे, भलत्याच्या नावाची. तेव्हा ते 18 टक्के भरा. आणि मॅग्नेट खिशात घेऊन जा.

जुने बुश पुरावा म्हणून ठेवलेत. परवा भंगारवाला दारात आला म्हणून सहज भाव विचारला. त्यानं ते हातातही घेतले नाहीत, आधी मॅग्नेट लावलं. "लोखंडाच्या भावात जातील, दादा."