परका कोड चालवायचाय: ईबीपीएफ की वेबअसेम्ब्ली?

ईबीपीएफ म्हणजे लिनक्सच्या कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात) छोटे प्रोग्रॅम चालवायची सोय; वेबअसेम्ब्ली म्हणजे ब्राउझरमध्ये आणि बाहेरही बंदिस्त जागेत (सँडबॉक्समध्ये) कोड चालवायचा प्रकार. दोन्हींत कंपाइल झालेला बाइटकोड (मशीन कोडच्या आधीचा मधला कोड) चालण्याआधी वाचून तपासला जातो. फरक आहे तो तपासणी किती खोल जाते, यात.

लिनक्समधला ईबीपीएफ व्हेरिफायर, म्हणजे ही तपासणी करणारा भाग, भलताच खडूस. प्रोग्रॅमच्या प्रत्येक संभाव्य वाटेवर कुठल्या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या छोट्या खणात) पॉइंटर, म्हणजे मेमरीचा पत्ता, आहे, कुठल्यात आकडा आणि तो किमान-कमाल किती, याचा तो हिशेब ठेवतो. नेटवर्कवरून आलेल्या पॅकेटमधला एक बाइट वाचायचा तरी पॅकेट तिथवर पोचतं का, हे आधी तपासावं लागतं. ती तपासणी तुम्ही सी-मध्ये लिहिलेली असते, पण क्लँग हा कंपायलर ऑप्टिमाइझ करताना तुलना एका रजिस्टरवर करतो आणि वाचन दुसऱ्यावरून. दोघांतलं नातं व्हेरिफायरला दरवेळी कळतंच असं नाही. मग बरोबर कोडही नापास, आणि पानंच्या पानं लॉग वाचत बसा! स्टॅक (तात्पुरता डेटा ठेवायची जागा) फक्त 512 बाइट. प्रोग्रॅममधल्या सूचनांची मर्यादा आधी 4096 होती, 5.2 कर्नलपासून विशेष अधिकार असलेल्या युजरसाठी 10 लाख झाली. एवढा जाच सोसल्यावर मिळतं काय? प्रोग्रॅम अनंत काळ फिरत राहणार नाही आणि कर्नलची भलती मेमरी वाचणार नाही, याची हमी.

वेबअसेम्ब्लीची तपासणी एका फेरीत उरकते: टाइप जुळतात का, उड्या योग्य जागी पडतात का, बस्स. मेमरीचा पत्ता हद्दीत आहे का, हे चालताना बघितलं जातं. त्यामुळे सी किंवा रस्टमधला मोठा प्रोग्रॅमही फारशी कुरकुर न होता पास होतो. पण त्याच्या स्वतःच्या मेमरीच्या आत बफर ओव्हरफ्लो (ठरलेल्या जागेपलीकडे लिहिणं) होऊ शकतो, आणि अनंत लूप थांबवायला वासमटाइम या वेबअसेम्ब्ली चालवणाऱ्या प्रोग्रॅममधल्या 'फ्युएल'सारखी (ठरावीक सूचनांनंतर थांबवणारी) सोय वेगळी लावावी लागते.

तपासलेल्या बाइटकोडचं पुढे मशीन कोडमध्ये रूपांतर होतं, तिथे दोन्हीकडे भोक आहे. 2021 मध्ये लिनक्सच्या ईबीपीएफ जिटमध्ये (हे रूपांतर करणाऱ्या भागात) उडीचं अंतर चुकीचं मोजलं जात असल्याचं आढळलं. त्याच वर्षी वासमटाइमच्या क्रेनलिफ्ट कंपायलरमध्येही सँडबॉक्सबाहेर पडू देणारा बग सापडला. यावर उतारा म्हणून व्हेरिवासम हे साधन थेट तयार मशीन कोड तपासतं, पण ते लुसेट या वेबअसेम्ब्ली कंपायलरच्या कोडसाठी बांधलेलं.

ग्राहकांचे प्लगइन चालवायचे असतील तर मी डोळे मिटून वेबअसेम्ब्ली घेईन. पॅकेट गाळणं, कर्नलचं निरीक्षण अशी कामं असतील तर ईबीपीएफच, पण कोड स्वतःच्या टीमचा हवा. कारण व्हेरिफायरमध्येच चुका सापडत गेल्या, आणि 5.16 पासून खुद्द कर्नलमध्येच सामान्य युजरला ईबीपीएफ मूळ सेटिंगमध्ये बंद असतं.

प्रोग्रॅमचं उत्तर बरोबर येतं का, हे मात्र दोघंही बघत नाहीत. त्यासाठी टेस्ट लिहाव्या लागतीलच.