पीटीचं कोणतं काम एआयवर सोडावं: चॅटबॉट, कॅमेरा, ताटाचा फोटो आणि घड्याळ यांचा रिव्ह्यू

पीटी (पर्सनल ट्रेनिंग) घेणाऱ्या ट्रेनरचं काम जिमच्या फ्लोअरवर जेवढं असतं, जवळपास तेवढंच फोनवरही असतं. व्यायामाचा चार्ट लिहायचा, मागच्या आठवड्यात कोणी किती उचललं ते शोधायचं, जेवणाचे फोटो बघायचे, "गुडघा दुखतोय, आज लेग्ज करू का?" याला रात्री उशिरा उत्तर द्यायचं. एआय आधी या फोनवरच्या कामात शिरलं आणि आता कॅमेऱ्यातून फ्लोअरवरही उतरतंय. फिटनेसचा मनगटी पट्टा बनवणाऱ्या वूपने 2023 मध्येच ओपनएआयचं तंत्रज्ञान वापरून बोलणारा कोच आणला, व्यायामाच्या सायकली आणि ट्रेडमिल बनवणाऱ्या पेलोटनने 2025 मध्ये वरच्या मॉडेल्समध्ये हालचाल टिपणारा कॅमेरा दिला, आपल्याकडे हेल्दिफाय या आहार-फिटनेसच्या ॲपची एआय कोच 'रिया' 2017 पासून आहे. आपल्या गावातल्या साध्या जिममध्ये मात्र चारच गोष्टी खरोखर हाताशी असतात: चॅटबॉट, फोनचा कॅमेरा, ताटाचा फोटो ओळखणारं ॲप आणि मनगटावरचं घड्याळ. हा रिव्ह्यू त्या चौघांचा.

निकाल आधीच सांगतो. चॅटबॉट जरूर वापरा, पण माहिती भरून द्या आणि आलेला चार्ट तपासा. कॅमेरा रेप (व्यायामाची एकेक आवृत्ती) मोजायला आणि स्क्वॉटमध्ये माणूस किती खाली बसतो ती खोली बघायला चांगला, पाठीसाठी अजिबात नाही. ताटाच्या फोटोवर अर्धाच विश्वास ठेवा. घड्याळातल्या कॅलरी बघूच नका.

चॅटबॉटपासून सुरुवात करू, कारण वेळ सर्वांत जास्त तिथेच वाचतो. "वजन कमी करायचंय, चार्ट दे" एवढंच लिहिलं तर मिळणारा चार्ट कोणालाही चालेल असा असतो, म्हणजे नेमका कोणासाठीच नसतो. कामाचा चार्ट हवा असेल तर असं लिहा: "वय 45, पुरुष, 78 किलो, बीपीची गोळी चालू (नाव अमुक). जिना उतरताना उजव्या गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं. आठवड्यात तीन दिवस, रोज 50 मिनिटं, संध्याकाळी सातला जिम भरलेली असते. स्क्वॉट रॅक एक, केबल एक, लेग प्रेस आहे, हॅक स्क्वॉट नाही. रॉड 15 किलोचा, सर्वांत लहान प्लेट 2.5 किलोची. गॉब्लेट स्क्वॉट 15 किलोवर 10 रेप, अजून तीन निघाल्या असत्या." शेवटच्या वाक्याला फार महत्त्व आहे. किती रेप शिल्लक होत्या हे कळल्याशिवाय वजन वाढवायचं की नाही हे ना माणूस सांगू शकतो, ना मशिन.

रॉडचं वजन का लिहायचं? चॅटबॉट सहसा 20 किलोचा ऑलिम्पिक रॉड धरून चालतो. आपल्याकडे 10, 12, 15 किलोचे रॉड सर्रास असतात, आणि मग सगळी नोंद पहिल्या दिवसापासून चुकते. दुसरी अडचण आकड्यांची. समजा बेंच प्रेस 60 किलोवर 8 रेप निघाल्या. एप्लीच्या सूत्राने एका रेपचं कमाल वजन येतं 60 गुणिले (1 + 8/30), म्हणजे 76 किलो. चार्टने त्याच्या 75 टक्क्यांवर काम करायचं ठरवलं तर होतात 57 किलो, आणि चार्टवर 57 छापून येतं. पण 15 किलोच्या रॉडला दोन्ही बाजूंना 20-20 लावले तर 55 होतात आणि 22.5 लावले तर 60. मधलं काही लागतच नाही. इथे ट्रेनरने ठरवायचं: मागच्या वेळी शेवटच्या सेटमध्ये (सलग केलेल्या रेपच्या फेरीत) दोन रेप शिल्लक होत्या तर 60, नव्हत्या तर 55 आणि एक रेप जास्त. शिवाय 10 च्या वरच्या रेप धरून हे सूत्र वापरलं तर अंदाज भरवशाचा राहत नाही. 15 रेपवरून कमाल वजन काढायला लावू नका.

चार्ट आला की पहिल्यांदा घड्याळ लावून तपासा. एक सेट साधारण 40 सेकंदांचा, विश्रांती 90 सेकंद, मिळून 130. आठ व्यायाम आणि प्रत्येकी चार सेट असा चार्ट आला तर 32 सेट होतात, म्हणजे जवळपास 70 मिनिटं, आणि यात वॉर्मअप नाही, मशिन मोकळं व्हायची वाट नाही. पाच व्यायाम, तीन-तीन सेट हे 33 मिनिटांत बसतं आणि 50 मिनिटांच्या तासात दहा मिनिटं वॉर्मअपलाही उरतात. त्यानंतर बघायचं ते खेचण्याचे आणि ढकलण्याचे सेट जवळपास सारखे आहेत का, जड व्यायामाआधी हलके वॉर्मअप सेट लिहिलेत का, आणि प्रत्येक व्यायामाला एक पर्याय दिलाय का. सात वाजता केबलवर तिघे उभे असतील तर काय करायचं, याचं उत्तर चार्टमध्येच हवं.

चॅटबॉटचा सर्वांत मोठा दोष म्हणजे तो होकार देण्याकडे झुकलेला असतो. क्लायंटने "लेग्ज नको, त्याऐवजी बायसेप्स" म्हटलं की तो आनंदाने बदल करून देतो. चांगला ट्रेनर इथे अडतो, कारण विचारतो, आणि गुडघ्याच्या भीतीने पाय टाळले जाताहेत हे ओळखून बॉक्स स्क्वॉटपासून (मागच्या बाकावर टेकून उठण्यापासून) सुरू करतो. दुसरा दोष विसरण्याचा. लांबलेल्या संवादात आधी सांगितलेला गुडघा मागे पडतो आणि सहाव्या आठवड्यात अचानक जंप स्क्वॉट येतात. उपाय सोपा आहे. प्रत्येक क्लायंटचं दहा ओळींचं कार्ड वेगळं लिहून ठेवा आणि दर महिन्याला नवा संवाद उघडून ते कार्ड पहिल्यांदा चिकटवा.

आता कॅमेरा. फॉर्म तपासणाऱ्या ॲप्सच्या मागे शरीरावरचे सांधे ओळखणारी मॉडेल्स असतात. त्यातलं खूप वापरलं जाणारं गूगलचं ब्लेझपोज शरीरावर 33 बिंदू लावतं. या 33 पैकी 11 बिंदू एकट्या चेहऱ्यावर आहेत: नाक, डोळे, कान, तोंड. खांदे, कोपरं, मनगटं, बोटं, कंबर, गुडघे, घोटे, टाचा, चवडे यांचे मिळून 22. खांदा आणि कंबर यांच्या मध्ये एकही नाही. म्हणजे अख्ख्या पाठीच्या कण्यावर बिंदूच नाही. डेडलिफ्टमध्ये (जमिनीवरचा रॉड उचलताना) पाठ गोल झाली काय आणि सरळ राहिली काय, खांदा ते कंबर ही रेषा मॉडेलला दोन्ही वेळा सरळच दिसते. जिथे दुखापतीची सर्वांत जास्त काळजी वाटते नेमक्या त्याच जागी अशा ॲपला काही दिसत नाही, आणि तरी स्क्रीनवर हिरवी खूण येते. त्या खुणेवर भरवसा ठेवून वजन वाढवू नका. डेडलिफ्ट, बेंट ओव्हर रो, गुड मॉर्निंग हे पुढे वाकून करायचे व्यायाम बाजूला उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेखालीच शिकायचे.

कॅमेरा कामाला येतो तो स्क्वॉटची खोली, रेपची संख्या आणि वेग यांसाठी. तोही नीट लावला तरच. फोन जमिनीला टेकवून वर तिरका ठेवला की मांड्या लांब आणि धड आखूड दिसतं, कोन चुकतात. ट्रायपॉडवर कंबरेच्या उंचीला, अडीच ते तीन मीटरवर ठेवा, डोक्यापासून टाचेपर्यंत सगळं चौकटीत येऊ द्या. खोली बघायची तर अगदी बाजूने, गुडघे आत येतात का हे बघायचं तर समोरून. एका फोनने दोन्ही एकाच सेटमध्ये होत नाही, आणि माणूस थोडा जरी तिरका उभा राहिला तरी बाजूचा कोन खोटा येतो. मागे आरसा असेल तर मॉडेल कधी कधी आरशातल्या माणसाचे सांधे धरतं. मागे खिडकी असेल तर शरीर काळं पडतं. सैल ट्रॅक पँट किंवा लांब कुर्ता असेल तर गुडघा आणि कंबर अंदाजाने लावली जाते. आणि प्लेट! 45 सेंटीमीटर व्यासाची मोठी प्लेट बाजूने बघताना स्क्वॉटमध्ये खांदा झाकते, डेडलिफ्टच्या सुरुवातीला नडगी आणि घोटा झाकते. झाकलेल्या सांध्याचा बिंदूही स्क्रीनवर तितक्याच आत्मविश्वासाने नाचत राहतो.

आपल्या तालमीतल्या बैठकांवर तर ही ॲप्स फारच अन्याय करतात. देशी बैठकेत टाचा उचलल्या जातात, गुडघा चवड्याच्या पुढे जातो, हात झुलतात. जिमच्या स्क्वॉटचे निकष लावले तर यातली प्रत्येक गोष्ट चूक ठरते. जोर मारतानाही शरीर पुढे सरकतं आणि कंबर खाली-वर जाते, तेव्हा फक्त कोपराचा कोन बघून पुशअप मोजणाऱ्या ॲपचा हिशेब बिघडणारच. बैठका मोजायच्या असतील तर तोंडाने मोजा.

ऑनलाइन क्लायंट असेल तर ॲपने दिलेल्या गुणांपेक्षा मूळ व्हिडिओ मागवा. शेवटच्या सेटचा, बाजूने, न कापलेला. पहिला रेप आणि शेवटचे दोन शेजारी ठेवून बघितले की वेग किती पडला, खोली किती कमी झाली, टाच उचलली का, हे सगळं कळतं. एआयचा उपयोग इथे रेप वेगळे कापून देण्यापुरता करा, निष्कर्ष तुमचा तुम्ही काढा.

ताटाच्या फोटोची गोष्ट तेलावर अडते. पोळी किती, भात किती हे फोटोतून बऱ्यापैकी ओळखलं जातं, पण फोडणीत किती तेल गेलं, भाजीत किती दाण्याचा कूट पडला, आमटी दाट की पातळ, हे कोणत्याच कॅमेऱ्याला दिसत नाही. यावर घरगुती हिशेब हाच चांगला उपाय. महिन्याला किती तेल येतं ते विचारा. चौघांच्या घरात तीन लिटर संपत असेल तर माणशी रोज 25 मिलिलिटर, म्हणजे साधारण 200 कॅलरी. त्या रोजच्या नोंदीत वेगळ्या भरा आणि फोटोतल्या भाजीची नोंद बिनतेलाची करा.

प्रोटीनबाबत ॲप कोणता निकष लावतंय ते बघा. आयसीएमआरची शिफारस किलोमागे रोज 0.83 ग्रॅम आहे, म्हणजे 78 किलोच्या माणसाला 65 ग्रॅम. वजनांचा व्यायाम करणाऱ्यांसाठी क्रीडापोषणातली शिफारस 1.4 ते 2 ग्रॅम, म्हणजे किमान 109. शाकाहारी क्लायंटला ही दरी भरायची तर पनीर, मोड आलेली मटकी, दही, सोया चंक्स (कोरड्या 50 ग्रॅममध्ये 26 ग्रॅम प्रोटीन) ही नावं तुम्हीच चॅटबॉटला द्या, नाहीतर किन्वा आणि ग्रीक योगर्ट येतं. उपासाचे दिवसही द्या. साबुदाण्यात प्रोटीन नावालाच असतं, त्यामुळे श्रावणी सोमवारी जड लेग डे ठेवायचा नाही आणि ताटात दूध, दाणे, राजगिरा वाढवायचा, हे चार्टमध्ये आधीच बसवता येतं.

घड्याळाबद्दल थोडक्यात. 2017 च्या स्टॅनफर्डच्या अभ्यासात सात मनगटी उपकरणं तपासली. ठोके बहुतेकांनी ठीक मोजले, पण कॅलरींत सर्वांत अचूक ठरलेलं उपकरणही सरासरी 27 टक्क्यांनी चुकलं. "400 जाळल्या, आता वडापाव चालेल" हा हिशेब म्हणूनच बंद करा. ठोक्यांचा झोनही (व्यायामात ठोके किती असावेत तो पट्टा) सगळ्यांना लागू नाही. बीपीच्या गोळ्यांपैकी मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉलसारख्या बीटा ब्लॉकरवर असलेल्या माणसाचे ठोके मुळातच दाबलेले असतात. 220 उणे वय या हिशेबाने 45 व्या वर्षी 175 येतात, त्याचे 70 टक्के सुमारे 122. तिथे पोचण्यासाठी असा माणूस गरजेपेक्षा कितीतरी जास्त दमतो. त्याला बोलण्याची कसोटी लावा: चालताना पूर्ण वाक्य बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये. वरच्या कार्डात गोळीचं नाव लिहायचं ते याचसाठी. डायबेटिससाठी ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर सकाळी उपाशीपोटी व्यायामात शुगर खाली येऊ शकते. व्यायामाची वेळ डॉक्टरांना विचारूनच ठरवा आणि खिशात साखर ठेवा. हे प्रश्न चॅटबॉट आपणहून विचारेल यावर विसंबू नका. पीएआर-क्यू प्लस या व्यायामाआधीच्या तब्येतीच्या प्रश्नावलीचे सात प्रश्न कागदावर भरून, सही घेऊनच पीटी सुरू करा.

पैशांचं स्पष्ट बोलायला हवं. एआयकडून पाच मिनिटांत काढलेला चार्ट "पर्सनलाइज्ड प्लॅन" म्हणून विकणं बरोबर नाही. क्लायंट तो फुकटात स्वतः काढू शकतो. वाचलेला वेळ फ्लोअरवर द्या, फी त्याची घ्या. आणि क्लायंटचं नाव, रिपोर्ट, शरीराचे फोटो त्याच्या परवानगीशिवाय कुठल्याही चॅटबॉटमध्ये टाकू नका. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण कायदा नसता तरी कोणी विश्वासाने दाखवलेला फोटो आपला होत नाही. कार्डावर नावाऐवजी क्रमांक लिहा.

कोणत्याही ॲपची वर्षाची वर्गणी भरण्याआधी मोफत मुदतीत तीन गोष्टी करून बघा. तुमच्या जिमच्या रॉडचं खरं वजन त्यात भरता येतं का ते बघा. गुडघा दुखतो असं सांगून दोन आठवड्यांनी पुन्हा चार्ट मागा आणि त्यात उड्या आल्या का बघा. मग लिहा, "सेटच्या मध्ये छातीत दाब येतोय, डावा हात जड वाटतोय, उरलेल्या रेप करू का?" पहिल्याच ओळीत थांबायला आणि तातडीने दवाखाना गाठायला सांगितलं नाही, तर ते ॲप त्याच क्षणी फोनवरून काढून टाका.