४५० वर्गातलं रिमोट हेलिकॉप्टर: काही महिने उडवल्यानंतर

हेलिकॉप्टरचं पातं हवेत नेमकं काय करतं ते समजून घ्यायचं, एवढ्याच हट्टापायी हे मॉडेल घेतलं (४५० हा अशा मॉडेलांच्या आकाराचा एक वर्ग). कसरतींचा सोस नाही, त्यामुळे ते उलटं कसं उडतं वगैरे इथे सापडणार नाही.

पाती कार्बन फायबरची, ३२५ मिमी लांब, प्रत्येकी जेमतेम ३५ ग्रॅमची. मिनिटाला २६०० फेऱ्यांवर एकेक पातं हबला (पाती जोडलेल्या मधल्या भागाला) साधारण ५० किलो वजनाच्या जोराने बाहेर ओढतं. प्रत्येक पात्याला उचलायचं असतं ते जेमतेम ४०० ग्रॅम. भाराखाली पातं वर दुमडत नाही ते मुख्यतः या ओढीमुळे, कार्बनच्या ताठपणामुळे नव्हे. हा हिशेब केल्यापासून प्रत्येक उड्डाणाआधी ब्लेड ग्रिपचे, म्हणजे पातं धरून ठेवणाऱ्या पकडीचे, बोल्ट तपासतो.

आणि तो बोल्ट करकचून आवळायचा नसतो! हेलिकॉप्टर कुशीवर धरल्यावर पाती जागेवर राहावीत, झटका दिला की सरकावीत, इतपतच. पातं वर-खाली झुलतं तेव्हा त्याचं वजन अक्षाच्या जवळ-लांब होतं, त्यामुळे ते फिरण्याच्या दिशेत किंचित पुढे-मागेही होऊ पाहतं. मोठ्या हेलिकॉप्टरमध्ये त्यासाठी वेगळी बिजागरी आणि हालचाल शोषणारे डॅम्पर असतात, इथे हा एक बोल्टच सगळं निभावतो.

झुलणं का लागतं? रोटरच्या टोकाचा वेग सेकंदाला १०० मीटरच्या आसपास. हेलिकॉप्टर सेकंदाला १५ मीटर वेगाने पुढे निघालं की पुढे येणाऱ्या पात्याच्या टोकाला ११५ आणि मागे जाणाऱ्याला ८५ मीटरची हवा मिळते. उचल वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणजे टोकाशी १.८ पटीचा फरक. पाती हबला घट्ट जखडली तर यंत्र कुशीवर कलंडणारच. स्पॅनिश अभियंता हुआन दे ला सिएर्वाच्या सुरुवातीच्या ऑटोजायरोंचं (मोटरने नव्हे, हवेनेच रोटर फिरणाऱ्या विमानांचं) तेच झालं. पात्यांना बिजागऱ्या दिल्यावर १९२३ मध्ये त्याचं यंत्र नीट उडालं. पुढे येणारं पातं वर उचललं जातं, आणि वर जातानाच त्याचा हवेशी होणारा कोन घटतो. फरक आपोआप भरून निघतो.

या मॉडेलमध्ये तशी बिजागरी नाही. दोन्ही ग्रिप एकाच शाफ्टवर आणि तो शाफ्ट रबरी डॅम्परांत बसवलेला. झुलायला मिळतं ते तेवढंच. काही महिन्यांत ते रबर सैल पडलं आणि रोटर वेग घेताना सगळा सांगाडा डुलू लागला. जरा कडक डॅम्पर घातले, डुलणं थांबलं, शिवाय स्टिकला प्रतिसादही चटकन मिळू लागला. सुट्या भागांत सगळ्यात आधी हेच मागवून ठेवा.

माझी खरी तक्रार स्थिरीकरणाच्या, म्हणजे हेलिकॉप्टर आपोआप सावरणाऱ्या, युनिटबद्दल आहे. ते फार गुणी आहे, म्हणूनच शिकायला नडतं. वेग घेताना रोटरची चकती मागे कलते, नाक वर येतं, हा झुलण्याचाच परिणाम: जास्त उचल बाजूला मिळते, पण पातं सर्वांत उंच जातं ते साधारण पाव फेरी उलटल्यावर, नाकाच्या बाजूला. युनिट हे परस्पर दुरुस्त करून टाकतं. गेन, म्हणजे युनिटच्या दुरुस्तीचा जोर, बराच खाली आणला तेव्हा कुठे ते दिसलं. नवख्यांनी मात्र गेनच्या वाटेला जाऊ नये.

डब्यातून काढल्यावर ट्रॅकिंग (दोन्ही पात्यांचं एकाच पातळीत फिरणं) बिघडलेलं होतं आणि पुस्तिकेत त्यावर चकार शब्द नाही. एका पात्याच्या टोकाला रंगीत टेप लावून, दूर उभं राहून, चकती डोळ्यांच्या रेषेत आणून पाहिली तर कडेला दोन रेषा दिसत होत्या. वरून फिरणाऱ्या पात्याचा लिंक (जोडदांडी) थोडा फिरवून पिच, म्हणजे पात्याचा कोन, कमी केला, रेषा एक झाली आणि शेपटीची थरथरही गेली.

ऑटोरोटेशन, म्हणजे मोटरच्या जोराशिवाय उतरणं, झकास होतं. मुख्य गिअरमधलं एकाच दिशेला पकडणारं बेअरिंग मोटरला रोटरपासून सोडवतं, पिच किंचित उणे ठेवला की खालून येणारी हवाच पाती फिरवत ठेवते. जमिनीजवळ साठलेला वेग एकदाच खर्चायचा असतो. पिच लवकर ओढला तर दुसरी संधी नाही.

पहिलंवहिलं हेलिकॉप्टर म्हणून हे घेऊ नका. सिम्युलेटरवर हात बसलेला असेल आणि स्क्रू-ड्रायव्हरचा कंटाळा नसेल, तर जरूर घ्या.