गरम झाली की बंद पडणारी जुनी गाडी: आधी स्कॅनर घ्यावा की प्रेशर गेज?

सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते, अर्धा तास गुमान चालते आणि मग एखाद्या सिग्नलला किंवा चढावर अचानक गप्प. २० मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी पुन्हा चालू. मिस्त्रीकडे पोचेपर्यंत इंजिन गार झालेलं असतं, तो म्हणतो, "गाडी तर ओके आहे." जुनी पेट्रोल इंजेक्शनची गाडी बाळगणाऱ्यांना हे नवीन नाही. संशयितही ठरलेले: क्रँक सेन्सर (इंजिनाचं फिरणं टिपणारा), इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारी), फ्युएल पंप, रिले (पंपाला करंट सोडणारा स्विच). त्यांतला चोर पकडायला हातात काय असावं, गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारा स्कॅनर की पेट्रोलचं प्रेशर दाखवणारा गेज, एवढाच प्रश्न. (एकेक पार्ट बदलत सुटायचं, हा तिसरा मार्गही आहे. मी काही दिवस तोही चालवला. जाऊ द्या.)

मी आधी स्कॅनर घेतला. पोर्टला ब्लूटूथचा ठोकळा, मोबाइलवर आकडे, हात स्वच्छ. त्याचे गुण मान्यच करायला हवेत. कूलंट सेन्सर बिघडून तापलेल्या इंजिनालाही ४० अंश दाखवत असेल, तर इसीयू (इंजिनाचा संगणक) पेट्रोल जास्त सोडत राहतो आणि इंजिन त्यात गुदमरतं. हे स्कॅनरवर बसल्या जागी दिसतं, गेजला जन्मात कळणार नाही. बंद पडल्यावर सेल्फ मारताना आरपीएम शून्यावरच राहिला, तर क्रँक सेन्सरवर संशय घ्यायला जागा आहे.

इसीयू नोंदवतो त्या बिघाडाच्या कोडचं मात्र तेवढं मनावर घेऊ नका. क्रँकचा सिग्नल तुटला की बऱ्याच जुन्या इसीयूंना इंजिन थांबलं एवढंच कळतं, त्यामुळे कोड पडेलच असं नाही. शिवाय जुन्या गाड्यांचा डेटा इतका सावकाश येतो की सिग्नलने क्षणभर मारलेली दांडी पडद्यावर उमटतच नाही. आणि पंपाचं प्रेशर? त्या काळातल्या बहुतेक गाड्यांच्या रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर) प्रेशर सेन्सरच नसतो. म्हणजे मुख्य संशयितांपैकी एकाकडे स्कॅनरची पाठच असते.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. मला वैताग आणला तो त्या २० मिनिटांनी. गाडी बंद पडली की ॲप गोठायचं. चावी बंद, चावी चालू, पुन्हा ब्लूटूथ, मग पडद्यावर गोल फिरणारं चक्र. जोडलं गेलं म्हणून सेल्फ मारावा, तर बॅटरीचा व्होल्टेज खाली जाऊन ठोकळा पुन्हा बेशुद्ध. एकदा सगळं जमलं, आरपीएमच्या आकड्यावर डोळे लावून सेल्फ मारला आणि गाडी सुरू झाली. बिघाड निघून गेला होता. कदाचित माझा ठोकळाच हलका असेल, चांगला वायरवाला स्कॅनर असं करणार नाही. पण तोवर माझं मन उडालं होतं.

गेजचं काम अडाणी आहे. रेलच्या टेस्ट व्हॉल्व्हला नळी जोडली, बोनेटच्या फटीतून बाहेर काढली आणि डायल समोरच्या काचेवर वायपरखाली बांधला. (केबिनमध्ये आणायचा नाही. नळीत पेट्रोल असतं.) निघताना काटा साधारण ३ बारवर. पाऊण तासाने अडीचवर. चढ लागला, गाडीने दोन आचके दिले, काटा एकच्या खाली गेला आणि इंजिन मेलं. बाजूला घेऊन चावी दिली, तरी काटा हलेना. मागच्या सीटखाली पंपाच्या कनेक्टरला मल्टिमीटर लावला, सेल्फ मारताना पुरता करंट येत होता. म्हणजे रिले निर्दोष, पंपच तापून दम टाकत होता. करंट नसता, तर रिले आणि वायरिंगच्या मागे लागलो असतो.

गेजची कटकट नाही असं नाही. काही गाड्यांत टेस्ट व्हॉल्व्हच नसतो, मग नळी कापून टी (तीन तोंडांचा जोड) बसवावा लागतो. जोडताना इंजिन थंड हवं, आधी लाइनचं प्रेशर सोडायला हवं आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी हवा. त्या कामाची भीती वाटत असेल तर स्कॅनरच बरा, यात कमीपणा नाही. भारतातली गाडी २०१० च्या आधीची असेल, तर मात्र असा सर्वसाधारण ठोकळा तिला जोडला जाईलच असं नाही.

दोन्हींपैकी काहीही घेण्याआधी एक फुकटची गोष्ट बघा. गाडी गिअरमध्ये चालत असताना इंजिन मेलं, तरी चाकंच त्याला फिरवत असतात. क्लच न दाबता टॅकोमीटरकडे (आरपीएमच्या काट्याकडे) नजर टाका. काटा तत्क्षणी शून्यावर आपटला, तर बहुतेकदा इग्निशन किंवा क्रँकचा सिग्नल गेलेला असतो. गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरला, तर संशय पेट्रोलवर. दुसरा प्रकार असेल तर मी डोळे झाकून गेज घ्यायला सांगेन. पहिला असला, तरी माझा हात आधी गेजकडेच जाईल, कारण काटा ३ वर घट्ट असेल तर पंपाचं नाव यादीतून एका फेरीत कटतं. मग पाण्याची बाटली घ्या आणि बंद पडलेल्या गाडीच्या क्रँक सेन्सरवर बारीक धार सोडा, एक्झॉस्टवर उडू न देता. २० मिनिटांऐवजी दोन मिनिटांत सुरू झाली, तर पुढचा पार्ट कोणता आणायचा ते कळलंच.