‘हार्ड बेड, हँड स्क्रेप्ड’: जुना प्रिसिजन लेथ घेताना आम्हाला कसं गंडवलं

लेथच्या ज्या बेडवर (सरकत्या भागांचा लांब पाया) कानस नुसती घसरते, त्या बेडवर हाताने स्क्रेपिंग (बारीक खरवडून सपाट करणं) होत नाही. लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा फिरवून तासणाऱ्या मशीनवर, हात काळे केलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. तरी ‘बेड हार्ड आहे आणि नुकताच हँड स्क्रेपिंग करून घेतलाय’ हे विकणाऱ्याने एका दमात सांगितलं आणि आम्ही मान डोलावली. दोन्हींतलं एक तरी खोटं असणारच होतं. प्रत्यक्षात दोन्ही खोटी निघाली.

पैशांचं आधी सांगून टाकतो. ३० टक्के बयाणा, उरलेले ७० टक्के क्रेनचा पट्टा मशीनला लागण्याआधी. आता मशीनची किंमत १०० धरा आणि दुरुस्तीचे आलेले दर बघा: बेड ग्राइंडिंग, सॅडलखाली (टूल धरून बेडवर सरकणारा भाग) टर्साइट (प्लॅस्टिकची घसरपट्टी) आणि पूर्ण अलाइनमेंट ५२, स्पिंडलच्या (तुकडा फिरवणारा दांडा) बेअरिंगचा सेट १९, टेलस्टॉक (दुसऱ्या टोकाचा आधार) ११, क्रॉस स्लाइडचा (टूल आत-बाहेर नेणारा भाग) स्क्रू-नट ६, क्रेन आणि ने-आण १३. बेरीज १०१. म्हणजे एका लेथच्या पैशात अर्धा लेथ आला.

बेडचं नीट सांगतो, कारण सगळी गोम तिथेच होती. इंडक्शन किंवा फ्लेम हार्डनिंग केलेला बेड कारखान्यातून ग्राइंडिंग होऊन येतो. त्यावर चकाकी असते, बारीक समांतर रेघा असतात, चंद्रकोरी नसतात. त्या अर्धचंद्राच्या खुणा मऊ बिडावर, घसरणाऱ्या पृष्ठभागावर तेल धरून राहावं म्हणून काढतात, आणि खरं सांगायचं तर अर्ध्याअधिक वेळा शोभेसाठी. जुन्या मशीनवर त्या अस्सल असतील तर चकाजवळच्या (चक म्हणजे तुकडा पकडणारा पंजा) ३००-४०० मिमीत पुसट झालेल्या असतात, कारण आयुष्यभर सॅडल तिथेच फिरलेलं असतं. टेलस्टॉककडे त्या ठळक राहतात. आमच्या मशीनवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्याच ताज्या होत्या. एमरीच्या पट्ट्याने बेड चमकवायचा, वर ग्राइंडरने चंद्रकोरी ओढायच्या, की झालं ‘रिकंडिशन’. या मेकअपमध्ये झीज कमी होत नाही, वाढते.

तिथेच थांबायला हवं होतं. खिशातली छोटी कानस बेडच्या टोकाच्या कडेवर, जिथे काही घासत नाही अशा जागी, हलकी ओढली असती तरी पुरलं असतं: चावली तर मऊ, घसरली तर हार्ड. पण बेडवर गंजरोधक ग्रीसचा जाड थर होता, ‘पुसू नका, गंज धरेल’ असा दम होता, आणि दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी पूर्ण रक्कम घेऊन येणार होतं. ते गिऱ्हाईक अर्थातच कधी जन्मालाच आलं नव्हतं. अशा घाईत शांत डोक्याने कानस काढणारा माणूस आम्हाला दाखवा.

मोजायचं कसं ते लिहून ठेवा. टेलस्टॉक ज्या सपाट पट्टीवर सरकतो ती फारशी झिजत नाही, कारण टेलस्टॉक दिवसातून कितीसा हलतो? डायलचा (शतांश मिमी दाखवणारं काट्याचं गेज) मॅग्नेटिक स्टँड सॅडलच्या पुढच्या भागावर ठेवा, काटा त्या पट्टीवर टेकवा, टेलस्टॉककडच्या टोकाला शून्य करा आणि सॅडल हाताने चकापर्यंत आणा. टूलरूम दर्जाच्या जुन्या मशीनला ०.०२-०.०३ मिमी फरक आम्ही चालवून घेऊ, साध्या कामाच्या लेथला ०.०५. आमच्या मशीनवर चकापासून सुमारे २०० मिमीवर सॅडल ०.१८ मिमी खाली गेल्याचं काट्याने दाखवलं.

०.१८ ऐकून ‘एवढंच?’ म्हणणाऱ्यांसाठी हिशेब. टूल सरळ खाली गेलं तर व्यासात जवळजवळ फरक पडत नाही. ४० मिमी व्यासाच्या जॉबला (तासायच्या तुकड्याला) टूल ०.१ मिमी खाली गेलं तरी चूक मायक्रॉनच्या आतच राहते. घात होतो तो सॅडल पुढे कलण्याने. बेडची पुढची व्ही आकाराची पट्टी झिजते, मागची तेवढी झिजत नाही. दोन्हींत अंतर २५० मिमी आणि सेंटरची (जॉब ज्या मध्यरेषेभोवती फिरतो तिची) उंची बेडपासून २०० मिमी असेल, तर पुढे ०.१ मिमी झीज म्हणजे टूल जॉबपासून ०.०८ मिमी मागे, म्हणजे व्यासात ०.१६ मिमी फरक. आता ०.१८ ला काय होत असेल ते तुम्हीच काढा. बेअरिंगची सीट एच७ (अचूक मापाचा ठरलेला दर्जा) मध्ये बसवायचं स्वप्न विसरा.

डायल नसेल तर फुकटातली तपासणी: सॅडलचं लॉक चकाजवळ इतकंच आवळा की हँडव्हील जेमतेम फिरेल, मग टेलस्टॉककडे चालत जा. वाटेत जाम झालं तर बेड गेलेला आहे. इथेही एक लबाडी असते. सॅडलच्या खालच्या पट्ट्या मुद्दाम ढिल्या ठेवतात, म्हणजे जाम होतच नाही. म्हणून आधी सॅडल हाताने वर-खाली हलवून बघा.

स्पिंडलकडे वळू. बघायला पोहोचलात आणि हेडस्टॉकवर (स्पिंडल आणि गिअरची पेटी) हात ठेवल्यावर तो कोमट लागला, तर परत फिरा आणि थंड असताना पुन्हा या. आमचा कोमट होता. ‘तुमच्यासाठी चालवून ठेवला’ म्हणे! थंड मशीन सुरू होताना जो आवाज करतं तो ऐकू येऊ नये, आणि अर्ध्या तासात ते किती तापतं हे मोजता येऊ नये, म्हणून केलेली ती सोय होती. शिवाय हेडस्टॉकमध्ये नेहमीच्या पातळ तेलाऐवजी गाडीच्या गिअर बॉक्सचं जाड तेल ओतलेलं. गिअरचे दात बोलायचे गप्प बसतात. ‘आजच नवीन तेल घातलंय’ ही सेवा नसते, पुरावा पुसणं असतं. तेल काढायचं बूच उघडायला लावा, तळाशी चुंबक फिरवा, काय चिकटतं ते बघा.

स्पिंडल नोजचा (चक बसतो ते टोक) आउट (फिरताना काट्याची डुलणी) आयएसओ १७०८ या लेथ तपासण्याच्या मानकाप्रमाणे साध्या लेथला ०.०१ मिमी आणि प्रिसिजन वर्गाला ०.००७ मिमीपर्यंत चालतो. (मशीन टूल अशा रीतीने तपासण्याची पद्धत जर्मनीतल्या श्लेझिंगर यांनी १९२७ मध्ये घालून दिली, म्हणजे ‘असं कुणी मोजत नाही हो’ हे ऐकून घ्यायचं काही कारण नाही.) आमचा आउट बरा होता, त्यावरच भाळलो. आउट चांगला आणि बेअरिंग खलास, हे दोन्ही एकाच वेळी असू शकतं. चकाखाली अर्धा मीटर लांबीचा लाकडी दांडका घालून वर उचला आणि डायल बघा. काटा ०.०३ च्या पुढे गेला, किंवा दांडका सोडल्यावर शून्यावर परत आला नाही, तर सावध व्हा. विकणाऱ्याने स्पिंडलचा मागचा नट करकचून आवळला होता, त्यामुळे त्या दिवशी प्ले (ढिलेपणा) दिसलाच नसता. पण त्याच आवळण्याने वरच्या स्पीडला २० मिनिटांत हेडस्टॉकवर हात ठेववेना. नट योग्य तेवढा सोडला तर थंड मशीनवर प्ले ०.०६. आवळलं तर तापतं, सोडलं तर हलतं, मधली जागा उरलेलीच नाही. बेअरिंग संपलं, याचा अर्थ हाच.

आणि ते प्रात्यक्षिक! पितळेचा ६० मिमीचा तुकडा, बारीक कट, आरशासारखी फिनिश. पितळेवर कुठलाही लेथ देखणाच दिसतो. आणि ६० मिमीत झीज जवळपास सारखीच असल्यामुळे मायक्रोमीटरही काही बोलत नाही. मागायचा तो स्टीलचा बार: ४० मिमी व्यास, चकाबाहेर २०० मिमी, टेलस्टॉकचा आधार न देता. दोन टोकांना दोन कॉलर (उंच कडी) सोडायच्या, मधला भाग उतरवायचा, धारदार टूलने दोन्ही कॉलरवर एकाच सेटिंगला ०.०५ मिमीचा शेवटचा कट घ्यायचा आणि व्यास मोजायचे. मग चकात मोठा तुकडा धरून फेसिंग करा, म्हणजे त्याचं तोंड तासा. तो सपाट किंवा किंचित खोलगट हवा, ३०० मिमी व्यासाला ०.०२ मिमीपर्यंत. मध्ये फुगीर आला तर सोडून द्या. शेवटी पार्टिंग टूल (तुकडा कापून वेगळा करणारं) लावा. मशीन थरथरून ओरडलं की ढिलेपणा कुठे आहे ते शोधायला लागा.

टेपर (लांबीभर व्यासात पडत जाणारा फरक) दाखवलात की ठरलेलं उत्तर येतं, ‘लेव्हल केलं नाहीये हो, बोल्ट आवळले की सरळ होईल.’ यात अर्धं सत्य आहे, म्हणून ते जास्त घातक. बेडला पीळ असेल तर टेपर येतोच, आणि ०.०२ मिमी प्रति मीटरच्या लेव्हलने, पायांच्या बोल्टवर तो काढताही येतो. पण पिळाचा टेपर सगळ्या लांबीभर एका चालीने वाढतो. झिजेचा मात्र चकाजवळ गोळा होतो आणि पुढे विरतो. म्हणून दोनावर थांबू नका, लांब बारवर चार-पाच ठिकाणी व्यास घ्या.

टेलस्टॉकच्या बॉडी आणि बेसच्या फटीत नख घाला. आमच्या मशीनमध्ये तिथे ०.३ मिमीचा पत्रा होता, रंगाखाली दडवलेला. बेस झिजून सेंटर खाली आला की हा पत्रा येतो. टेलस्टॉकचं सेंटर स्पिंडलपेक्षा केसभर वर असलं तर चालतं, खाली असलेलं नाही.

क्रॉस स्लाइडच्या बॅकलॅशला (हँडल उलटं फिरवताना येणारी मोकळी चाल) लोक उगाच घाबरतात. ०.२ मिमी असला तरी काम होतं, नट स्वस्तात मिळतो. फक्त मधे ढिला आणि टोकांना घट्ट असेल तर स्क्रूही बदलायचा असं धरा. चेंज गिअर मोजून घ्या. लीड स्क्रू (आटे पाडताना सॅडल ओढणारा) इंची असेल आणि १२७ दातांचा गिअर नसेल तर अचूक मेट्रिक आटे विसरा. स्टेडी, फेसप्लेट, फोर-जॉ चक ही जोडसामग्री ‘नंतर पाठवतो’ म्हणजे कधीच नाही.

आता दाद मागायला गेल्यावर काय होतं ते. पोलिसांचा पहिला प्रश्न: ‘मशीन चालतंय ना?’ चालतं. मग फसवणूक कसली? ०.१८ म्हणजे किती हे दाखवायला कागदाचे दोन ताव एकावर एक धरून दाखवले, आणि हात दाखवून अवलक्षण झालं. दोन कागदांच्या जाडीसाठी गुन्हा कोण नोंदवणार? ‘दिवाणी बाब आहे, वकील गाठा.’ वकिलाने बिलावरची ओळ दाखवली: जसं आहे तसं, जिथे आहे तिथे. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर कळलं की धंद्यासाठी मशीन घेणारा ग्राहकच नसतो; फक्त स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेणारा तेवढा अपवाद. मग आम्ही कोण? देणगीदार? जाहिरात लावणारं संकेतस्थळ म्हणतं, आम्ही फक्त दोघांची गाठ घालून देतो. कमिशन मात्र दोघांकडून घेतलेलं. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे फी घेऊन मूल्यांकनाचा दाखला देणारे इंजिनिअर. त्यांच्या दाखल्यात ‘चालू स्थितीत, रंगकाम उत्तम, नामपट्टी वाचनीय’ एवढंच. नामपट्टी! ती चार स्क्रूंची गोष्ट आहे, कुठलीही कुठेही बसते. मशीनचा नंबर बऱ्याच लेथवर बेडच्या टेलस्टॉककडच्या टोकाला ठोकलेला असतो. आमच्या मशीनवर तिथे एमरीचे ओरखडे होते. दाखला देणाऱ्याने तिथे वाकून पाहिलंही नाही. शेवटी विकणाऱ्याचा सवाल: ‘झीज तुम्ही केली नाही कशावरून?’ आणि या सवालावर एकाही कार्यालयात कुणाला हसू आलं नाही.

म्हणून पैसे देण्याआधी बेडवरचा नंबर आणि डायलचा काटा एकाच व्हिडिओत घ्या, मधे न थांबता. बिलावर आकडे लिहून घ्या: बेडची झीज इतकी, नोजचा आउट इतका, अर्ध्या तासानंतरचं हेडस्टॉकचं तापमान इतकं. १५ टक्के रक्कम मशीन जागेवर बसून कॉलरची चाचणी होईपर्यंत अडवून ठेवा. बयाणा दिलेला असला तरी ‘जसं आहे तसं’ छापलेल्या बिलावर सही करू नका. बुडाला तर ३० बुडेल, १०१ नाही.

आणि आमच्यासारखे अडकलाच असाल, तर ‘फक्त बेड घासून देतो, स्वस्तात’ म्हणणाऱ्या दुसऱ्या भामट्याच्या हाती मशीन देऊ नका. बेड ०.३ मिमी उतरला की सॅडल आणि त्याबरोबर एप्रन (सॅडलच्या पुढे लटकणारी पेटी) तेवढंच खाली जातं. एप्रनमधला, लीड स्क्रूला पकडणारा हाफ नट त्या स्क्रूला वाकवायला लागतो, चकाजवळ सगळ्यात जास्त, आणि टेलस्टॉक पुन्हा पत्रा मागतो. ग्राइंडिंगआधी बेडपासून लीड स्क्रूची उंची दोन्ही टोकांना मोजून कागदावर लिहा. मग त्याला विचारा की सॅडल परत वर कशाने उचलणार, किती मिमीचा टर्साइट लावणार, आणि तो स्क्रेप कोण करणार.