पोर्तुगालची ट्रायल म्हणून आम्हाला घातलेला गंडा

भाचा १५ वर्षांचा, डाव्या पायाचा विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेनं पळत जाऊन गोलसमोर चेंडू (क्रॉस) मारणारा. कोल्हापुरात पेठेतल्या पोरानं फुटबॉलचं वेड घेणं नवं नाही. त्यात इथला अनिकेत जाधव २०१७ साली १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हापासून ‘आपलाबी जाईल की’ हे घरोघरी सुरू असतं. गंडा घालणाऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं.

तो स्वतःला एका पोर्तुगीज क्लबचा स्काऊट, म्हणजे नवे खेळाडू हेरणारा, म्हणवायचा. अंगात क्लबचं जॅकेट, हातात टॅब, सरावाच्या वेळी मैदानाच्या कडेला उभा. उगाच स्तुती करायचा नाही. दाजींना म्हणाला, “क्रॉस चांगला मारतो, पण उजवा पाय नुसता उभं राहायला वापरतो.” हे अगदी खरं होतं, आणि इथंच दाजी विरघळले. मग व्हॉट्सअॅपवर क्लबच्या लोगोचं निवडपत्र आलं. ट्रायलचे ६० हजार, व्हिसा आणि विम्याचे १ लाख २५ हजार, वर लिस्बनच्या हॉस्टेलची अनामत. आक्कानं पाटल्या मोडल्या, थोडे मी घातले. अट एकच: कोचला कळू द्यायचं नाही. (कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचेच.) “तालमीतली माणसं पाय ओढतात, दाजी.” अनामत पोचली आणि फोन बंद झाला. क्लबच्या अधिकृत पत्त्यावर मेल केला, तर असा कुणी माणूस आमच्याकडे नाही, असं उत्तर आलं.

आता नियम. १८ वर्षांखालच्या खेळाडूची परदेशी क्लबकडे नोंदणी फिफा, म्हणजे फुटबॉलची जागतिक संघटना, सहसा होऊच देत नाही. अपवाद आहेत, उदाहरणार्थ आईवडीलच फुटबॉल सोडून दुसऱ्या कारणानं तिकडे राहायला गेले तर. १६ वर्षांपासूनची सवलत आहे ती युरोपीय संघाच्या आतल्या बदल्यांसाठी. हा नियम मोडला म्हणून २०१४ मध्ये बार्सिलोनावर दोन ट्रान्सफर विंडोंची, म्हणजे नवे खेळाडू घेण्याच्या दोन ठरलेल्या मुदतींची, बंदी आली. तिथं बार्सिलोनाची गय झाली नाही, आणि आमच्या पोराला म्हणे ‘तीन वर्षांचा करार’!

त्यानं एजंटचा परवानाही दाखवला होता, कंपनीच्या नावावरचा. फिफाचा परवाना कंपनीला मिळतच नाही; तो माणसाला मिळतो, परीक्षा देऊन, आणि परवानाधारकांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. नाव टाकायला दोन मिनिटं लागतात.

कोचपासून लपवण्याची गोष्ट तर सगळ्यात उलटी. खेळाडू पुढं व्यावसायिक झाला की ज्या क्लबांनी त्याला १२ व्या वर्षापासून घडवलं, त्यांना प्रशिक्षण भरपाई द्यायची तरतूद आहे. म्हणजे खऱ्या क्लबला जुना क्लब कोणता हे विचारावंच लागतं. तो आधी कोचला गाठतो, निवडक गोलांची चित्रफीत बाजूला ठेवून पूर्ण सामना मागतो. आणि पोरगा खरंच हवा असेल, तर खिशात हात त्यानं घालायचा असतो, पोराच्या बापानं नव्हे.

पोलिसांत तक्रार दिली आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा. खात्यातली रक्कम गोठवता येते, पण उशीर झाला की ती पुढच्या खात्यात गेलेली असते. आमचे बरेचसे रोखीत गेले, पावती नाही.

मागच्या आठवड्यात सांगलीच्या एका पालकांनी त्यांना आलेलं पत्र मला पाठवलं. मजकूर तोच, सही तीच, क्लबचं नाव तेवढं वेगळं. त्यांचे ६० हजार अजून भरायचे होते.