कोल्हापूरच्या तालमीतील अकरा महिने : एका पालकाचा अभिप्राय

करमाळा तालुक्यातील आमच्या गावात दरवर्षी जत्रेच्या कुस्त्या होतात, पण माझ्या मुलाच्या वजनाची जोड शोधायला शेजारची चार गावे पालथी घालावी लागत. तो चौदा वर्षांचा झाला तेव्हा गावातील जुन्या पैलवानांनी एकच सल्ला दिला, ‘पोराला कोल्हापूरला घाला.’ त्याप्रमाणे गेल्या वर्षी जूनमध्ये त्याला तेथील एका निवासी तालमीत ठेवले. तालमीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारी मांडल्या आहेत आणि त्या केवळ त्या एका तालमीपुरत्या आहेत असे मला वाटत नाही.

आधी तेथे काय मिळते ते सांगतो. राहण्याचे शुल्क नाममात्र आहे. एका लांब खोलीत पंधरा-सोळा मुले राहतात, ट्रंका भिंतीला लावलेल्या असतात, आणि स्वयंपाक मुलांनीच पाळीपाळीने करायचा असतो. खरा खर्च खुराकाचा. दूध, तूप, बदाम, अंडी, मटण यांचा हिशेब महिन्याअखेरीस घराच्या भाड्यापेक्षा मोठा होतो, हे नव्या पालकांनी आधीच ध्यानात घ्यावे. पहाटे चारला मुले उठतात, पळणे आणि जोर-बैठका होतात, मग हौदात, म्हणजे मातीच्या आखाड्यात, लढती. दुपारी झोप आणि संध्याकाळी पुन्हा मेहनत. हौदातील लाल माती ताक, तेल, हळद आणि लिंबू घालून मळलेली असते आणि ती खणून भुसभुशीत ठेवण्याचे कामही मुलांकडेच असते. सुरुवातीला मला हे राबवून घेणे वाटले होते, परंतु फावड्याने हौद खणणे हाच पाठ, खांदे आणि कंबर यांचा उत्तम व्यायाम आहे हे महिनाभरात मुलाच्या अंगावर दिसू लागले.

वस्तादांविषयी कोणतीही तक्रार नाही. ते वयाने साठीच्या पुढचे आहेत, बोलतात कमी. मुलगा घिस्सा हा डाव मारताना डावा पाय मागे ठेवत असे. वस्तादांनी आठ दिवस त्याला काहीच सांगितले नाही, रोज त्याच्यापुढे असा जोडीदार उभा केला की जो त्या मागच्या पायालाच पट काढी, म्हणजे पाय धरून ओढी. नवव्या दिवशी पाय आपोआप पुढे आला. अशी शिकवण देण्यासाठी वस्तादांची नजर तर हवीच, पण एकाच वजनाचे, एकमेकांहून थोडे वेगळे असे दहा-बारा जोडीदारही हाताशी हवेत. या तालमीचे खरे मोल मला येथेच वाटते.

कोल्हापूरनेच इतके मल्ल का दिले, या प्रश्नाचे उत्तर लोक ‘रक्त’, ‘पाणी’, ‘माती’ अशा एका शब्दात देतात. अकरा महिने जाऊन-येऊन पाहिल्यावर मला ते उत्तर पटत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी पंजाबातील नामांकित मल्ल येथे आणले, त्यांना आश्रय दिला आणि १९१२ साली खासबागेचे मैदान उभे केले, जेथे मध्यभागी हौद आणि सभोवती उतरती बैठक असल्यामुळे शेवटच्या रांगेतील माणसालाही कुस्ती दिसते. त्याच महाराजांनी राधानगरीचे धरण हाती घेतले. पाण्यामागून ऊस आला, उसामागून म्हशी आणि हातात रोकड आली, आणि त्या रोकडीतून गावोगावच्या मैदानांचे इनाम उभे राहिले. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी डोळ्यांसमोर म्हैस पिळून दूध दिले जाते, तेथे पैलवानाच्या शेजारी रिक्षावाला आणि कारकूनही पेला घेऊन उभे असतात. या शहरात तालीम ही पेठेची संस्था आहे. फुटबॉलचे संघसुद्धा पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ अशी नावे लावून शाहू स्टेडियमवर उतरतात. ज्या मुलाला चालत जाता येईल इतक्या अंतरावर वस्ताद, जोडीदार, दूध, मैदान आणि कुस्ती समजणारा प्रेक्षक मिळतो, त्याने मल्ल होणे सोपे नसले तरी शक्य असते. आमच्या गावी यांतले दूध तेवढे होते.

खाशाबा जाधवांचे उदाहरण यासाठी मला फार जवळचे वाटते. ते कराडजवळच्या गोळेश्वरचे, वडील स्वतः कुस्तीगीर. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात ते शिकले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हेलसिंकीच्या प्रवासासाठी महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांची ताकद आणि चपळाई त्यांची स्वतःची होती, पण पैलवानासाठी घर गहाण ठेवणारा प्राचार्य त्या काळी दुसऱ्या किती गावांत सापडला असता?

आता उणिवा. पहिली आणि सर्वांत मोठी उणीव गादीची, म्हणजे मॅटची. या तालमीत गादी आहे, परंतु ती अपुऱ्या जागेत अंथरलेली, कडेला फाटलेली, आणि मुलांना आठवड्यातून एकदाच मिळते. मातीतील निकाली कुस्तीत चितपट होईपर्यंत धीर धरावा लागतो, दम राखावा लागतो. गादीवर ठरावीक मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात आणि प्रत्येक यशस्वी डावाला गुण असतात. मातीत पाय रुततो, गादीवर तो झटकन उचलावा लागतो. माझा मुलगा जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत पहिल्या मिनिटातच सहा गुणांनी मागे पडला, आणि प्रतिस्पर्धी त्याच्याहून बलवान मुळीच नव्हता. मातीवर माझे प्रेम आहे, तरीही हे लिहिणे भाग आहे. हरियाणाने आखाडे मोडले नाहीत, पण त्यांच्या शेजारी लवकर गाद्या टाकल्या, पदकविजेत्यांना सरकारी नोकऱ्या दिल्या आणि मुलींनाही कुस्तीत उतरवले. सोनीपतच्या नाहरीचा रवी दहिया टोकियोत रौप्यपदक जिंकतो, झज्जरचा अमन सेहरावत पॅरिसमध्ये कांस्य जिंकतो, रोहतकची साक्षी मलिक रिओत कांस्य जिंकते, आणि खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या वाट्याला कुस्तीचे एकही ऑलिंपिक पदक येत नाही, याचे कारण आपल्या पोरांच्या अंगात नाही.

याचा पुरावा कोल्हापूर जिल्ह्यातच आहे. खाशाबांनंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले ते ७२ वर्षांनी, पॅरिसमध्ये, आणि ते राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने रायफल नेमबाजीत मिळवले. त्याच्याआधी कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकमध्ये नेमबाजीचे जागतिक विजेतेपद जिंकले होते आणि राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक. नेमबाजीला तर शतकाची परंपरा नाही आणि लाल मातीही लागत नाही. स्वप्नील राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत, म्हणजे निवासी क्रीडा शाळेत गेला, तेथे त्याला नेमबाजीचे प्रशिक्षण आणि शिक्षण एकाच ठिकाणी मिळाले.

दुसरी तक्रार दुखापतीविषयी. जानेवारीत मुलाचा गुडघा मुरगळला. तालमीत तेल लावून चोळले, पट्टी बांधली आणि चौथ्या दिवशी त्याला पुन्हा हौदात उतरवले. मी येऊन डॉक्टरांकडे नेले तेव्हा अस्थिबंध ताणला गेल्याचे कळले आणि सहा आठवडे विश्रांती घ्यावी लागली. यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता, परंतु इतकी मुले ठेवणाऱ्या तालमीने एखाद्या फिजिओथेरपिस्टला आठवड्यातून दोन वेळा तरी बोलवावे. शाळेची हजेरीही नावालाच राहते. मुलींसाठी तेथे काहीच सोय नाही, आणि २०२३ साली सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा होऊन गेल्यावर हे मनाला लागते.

एवढे असूनही जूनमध्ये मुलगा त्याच तालमीत परत जात आहे. वस्तादांशी बोलून दोन गोष्टी ठरवल्या आहेत : मंगळवारी आणि शुक्रवारी तो शहरातील दुसऱ्या केंद्रात गादीवर सराव करील, आणि दुखापत झाली तर त्याच दिवशी मला दूरध्वनी येईल. पहिल्या गोष्टीला वस्तादांनी लगेच होकार दिला आणि आणखी चार मुलांना त्याच्याबरोबर पाठवण्याचे कबूल केले.